कुजबुजणारी पत्ती आणि ऐकणारे धारित्र

हार्मोनियमच्या पोटात पितळी पत्त्यांची रांग असते. प्रत्येक पत्ती एका टोकाला जखडलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी. भात्यातील हवा तिच्याखालच्या खाचेतून वाहू लागली की ती थरथरते आणि स्वर उमटतो. हा स्वर नेमका कोठून येतो? पत्ती हवेला हलवते म्हणून, असे उत्तर सहज सुचते. पण ते अपुरे आहे. एवढीशी पत्ती हवेला कितीसे ढकलणार? ती खाच आळीपाळीने झाकते आणि उघडते, त्यामुळे हवेचा प्रवाह झोताझोताने सुटतो. आपण ऐकतो ते हे झोत. हेल्महोल्ट्झने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ध्वनिसंवेदनांवरील ग्रंथात हा भेद स्पष्ट केला आहे. पत्तीची स्वतःची हालचाल लंबकासारखी साधी असते. पेटीच्या आवाजातला तो ओळखीचा कर्कश भरणा झोतांच्या तुटकपणातून येतो.

हा भेद ध्यानात ठेवला, तर १९३४ साली अमेरिकेत फ्रेडरिक आल्बर्ट होश्के याने काय केले याचे मर्म कळते. त्याने एस्टी बनावटीचा पत्त्यांचा ऑर्गन घेतला आणि त्यातील झोतांचा आवाज बाजूला सारून केवळ पत्तीची हालचाल ऐकायचे ठरवले. पत्त्या ध्वनिरोधक कोठडीत बंद केल्या, हवेसाठी विजेचा पंखा लावला आणि प्रत्येक पत्तीजवळ, तिला स्पर्श होणार नाही अशा बेताने, धातूचा एक लहानसा संवेदक बसवला. पत्ती आणि संवेदक मिळून एक धारित्र झाले. त्यांच्यात विद्युतदाब ठेवला की पत्तीच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी धारिता बदलते आणि त्या लयीत दाबही किंचित हलतो. तोच प्रवर्धकाकडे आणि पुढे ध्वनिक्षेपकाकडे जातो. युक्ती अगदीच अपूर्व नव्हती. १९१६ मध्ये एडवर्ड वेंटने सिद्ध केलेल्या धारित्र मायक्रोफोनचे तत्त्व हेच होते. तेथे ताणलेला पडदा होता, येथे पत्ती आली.

यातील संकेत किती क्षीण असतो याचा अंदाज घ्यावा. १ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या दोन पट्ट्या १ मिलिमीटर अंतरावर ठेवल्या, तर त्यांची धारिता सुमारे ०.९ पिकोफॅरड भरते. पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा लाख-कोटीवा अंश. पत्तीच्या कंपनाने बदलतो तो या इवल्याशा राशीचाही एक भाग. म्हणून हे वाद्य तयार करणे हे सुतारकामाइतकेच मोजमापाचे काम होते. अंतर केसभर चुकले, कोठे धूळ साचली किंवा दमट हवेने विद्युतभार पाझरू दिला, तर स्वराऐवजी खरखर ऐकू येते.

पण पत्तीची हालचाल इतकी साधी, तर स्वराला रंग कोठून चढतो? माझ्या मते या वाद्यातील सर्वांत सुंदर भाग हाच आहे. संवेदक रुंद आणि पत्तीपासून थोडा दूर असेल, तर विद्युत्-तरंगही जवळजवळ पत्तीच्या दोलनासारखाच राहतो आणि बासरीसारखा मऊ स्वर मिळतो. पत्तीचे टोक एखाद्या अरुंद कडेजवळून झपकन जात असेल, तर दर फेरीस धारिता क्षणभर उसळते आणि तरंगात वरच्या वारंवारतांची गर्दी होते. स्वर तंतुवाद्याकडे झुकतो. एकाच पत्तीपाशी दोन ठिकाणी संवेदक लावले, तर एकाच कंपनातून दोन रंग काढता येतात. परंपरागत पेटीत स्वराची उंची, जोर आणि रंग या तिन्ही गोष्टी पत्ती आणि हवेच्या झोतात एकमेकींत गुंतलेल्या असतात. येथे पत्तीकडे मुख्यतः उंची उरली. रंग भूमितीने ठरू लागला आणि जोर पायाखालच्या पट्टीने.

एव्हरेट पियानो कंपनीने मिशिगनमधील साउथ हेवन येथे १९३५ पासून १९४१ पर्यंत हे वाद्य ‘ऑर्गाट्रॉन’ नावाने बनवले. १९३५ सालीच फिरत्या दातेरी चक्रांचा हॅमंड ऑर्गन बाजारात आला होता आणि कीर्ती त्याच्याच वाट्याला गेली. महायुद्धानंतर वुर्लिट्झर कंपनीने ऑर्गाट्रॉनची परंपरा उचलली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालवली. पुढे घरगुती ऑर्गनांत तिने आणखी एक पाऊल टाकले: पत्त्या सदैव हलत्याच ठेवायच्या आणि पट्टी दाबल्यावर हवा नव्हे, विद्युतदाब जोडायचा. दाब नाही तर संकेत नाही, म्हणजे स्वरही नाही. खर्जातील जड पत्तीला डोलू लागण्यास जो विलंब लागतो, तोही त्यामुळे टळला.

याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? मराठी संगीत नाटकांना पायाने भाता मारायच्या ऑर्गनची साथ अंगवळणी पडली होती आणि हातपेटी देशभर पोहोचली होती. परंतु मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला ध्वनिक्षेपणातून वगळले; हे दार पुन्हा किलकिले झाले ते १९७१ मध्ये. मुख्य आक्षेप असा की पत्तीचे स्वर ठरीव असतात, त्यांत मींड नाही आणि श्रुतींना जागा नाही. भौतिकीच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. पत्तीची वारंवारता तिची जाडी आणि लांबी ठरवते, वादकाचे बोट नव्हे. (त्यासाठी तीस वर्षांची हद्दपारी योग्य होती का, हा प्रश्न वेगळा, मला ती अतिरेकी वाटते.) होश्केची वीजही तेथेच थबकली. तिने पत्तीला रंग दिला, जोर दिला. मींड मात्र देऊ शकली नाही.

आज ज्याच्या घरी असा ऑर्गन आहे, त्याच्याकडे दोन निरनिराळ्या वयांची यंत्रे एकाच पेटाऱ्यात नांदत असतात. पितळी पत्त्या दशकानुदशके सुरात राहतात. बिघडल्याच, तर पेटी दुरुस्त करणारा कारागीर जाणतो तोच उपाय: टोकाशी घासले की स्वर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. विद्युत् भाग मात्र लवकर म्हातारा होतो. कागदी धारित्रे पाझरू लागतात, वीजपुरवठ्यातील धारित्रे सुकतात, गुणगुण वाढते. ती बदलल्यावाचून जुने वाद्य मुख्य विजेला जोडू नये. शिवाय बटण बंद केल्यानंतरही आत धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो, हे मागची फळी उघडण्यापूर्वी लक्षात असावे. पुढे पुन्हा खर्च येतोच. तरीही हे वाद्य बाळगणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, कारण त्यात स्वर कसा घडतो हे डोळ्यांनी पाहता येते. आवाजाची पायपट्टी पूर्ण मिटवून, पंखा चालू ठेवून, रात्रीच्या शांततेत लाकडाला कान लावला, तर कोठडीतील पत्त्यांची मूळ कुजबुजही ऐकू येते.