बायनरी एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ

एकाच केबलवरील दोन संगणकांच्या फ्रेमची टक्कर झाल्यास पुन्हा केव्हा पाठवायचे, हे ठरविणारी इथरनेट या स्थानिक संगणक-जाळ्याची (लॅन) रीत. गर्दीप्रमाणे थांबण्याचा अवधी आपोआप लांबत असल्याने ही लॅनमधील माध्यम-प्रवेश नियंत्रणाची अनुकूली पद्धत ठरते.

इतिहास : नॉर्मन अब्रॅमसन यांच्या हवाई विद्यापीठातील अलोहानेटमध्ये (१९७१) टर्मिनल वाटेल तेव्हा प्रक्षेपण करीत, त्यामुळे टकरी होऊन वाहिनीचा उपयोग तत्त्वतःही १८.४ टक्क्यांपलीकडे जात नसे. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली. त्यात संगणक आधी केबलचा कानोसा घेतो आणि पाठवतानाही ऐकत राहतो, म्हणून टक्कर लगेच कळते. मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांचा मूलभूत लेख १९७६ चा, आयईईई ८०२.३ मानक १९८३ चे.

कार्यपद्धती : १० मेगाबिट इथरनेटमध्ये टक्कर लक्षात येताच ३२ बिटांचा जॅम संकेत सोडून प्रक्षेपण थांबते. प्रतीक्षेचे एकक म्हणजे ५१२ बिटांचा स्लॉट, ५१.२ मायक्रोसेकंद. पहिल्या टकरीनंतर प्रत्येक संगणक ० किंवा १, दुसरीनंतर ० ते ३, तिसरीनंतर ० ते ७ यांतून एक आकडा यदृच्छेने निवडून तितके स्लॉट थांबतो. दोघेच स्पर्धक असतील तर पुन्हा टक्कर होण्याची शक्यता आधी निम्मी, मग पाव होते. दहाव्या टकरीनंतर या आकड्याची वरची मर्यादा १०२३ वर स्थिरावते. सोळावा प्रयत्न फसल्यास फ्रेम टाकून दिली जाते. कोणीही मध्यवर्ती नियंत्रक नसताना, केवळ स्वतःच्या टकरी मोजून प्रत्येकाने गर्दी ओळखावी, हे या रीतीचे खरे मोल.

गुणदोष : यशस्वी संगणकाची टकरींची मोजणी शून्यावर येते, हरलेल्याची चढीच राहते, त्यामुळे जिंकणाराच पुन्हा पुन्हा जिंकू शकतो. यावर मार्ट मोल यांनी १९९४ मध्ये बीएलएएम ही पर्यायी रीत सुचविली. ती रूढ झाली नाही. अमर्याद संगणक गृहीत धरल्यास बायनरी एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ कोणत्याही भाराखाली अस्थिर ठरते, असे डेव्हिड ऑल्डस यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. बॉग्ज, मोगल व केंट यांच्या १९८८ च्या मोजमापांत मात्र प्रत्यक्ष इथरनेट जड भारातही चांगले चालले.



सद्यःस्थिती : स्विच व फुल डुप्लेक्समुळे तारांच्या जाळ्यात टकरी जवळपास उरलेल्या नाहीत. वाय-फायमध्ये (आयईईई ८०२.११, १९९७) ही रीत टिकून आहे. तेथे पाठवताना टक्कर ऐकू येत नाही. पोच न मिळणे हीच टक्कर मानून प्रतीक्षेची मर्यादा दुप्पट करतात. क्षीण संकेतामुळे फ्रेम हरवली, तरी संगणक ती गर्दीच समजतो.