इनामदार

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या देवस्थानाचं पूर्ण नाव 'इनामदार श्री देव रामेश्वर संस्थान'. इथे इनामदार कोणी पाटील-देशमुख नव्हे, खुद्द देव. त्याचा कौल झाला की गावपळणीला माणसं गुराढोरांसकट वेशीबाहेर मुक्कामाला जातात. मालकच म्हणाला म्हटल्यावर भाडेकरू काय करणार!

'इनाम' मूळ अरबी, अर्थ कृपेने दिलेलं दान. हिंदीतल्या 'नेमत'चा हा सख्खा भाऊ. मराठी कारभारात तो सारामाफीच्या जमिनीला चिकटला; देवस्थान इनाम म्हणजे पूजा, दिवाबत्ती, उत्सव यांच्या खर्चासाठी राजाने लावून दिलेली जमीन. उत्पन्न खावं, जमीन विकू नये, हा तिचा दंडक. देणगीदाराच्या नावाने शाळेत ठेव ठेवतात आणि नुसत्या व्याजातून बक्षिसं देतात, त्यातलं गणित वेगळं नाही.

1952 च्या मुंबई कायद्याने व्यक्तिगत इनामं गेली, देवस्थान इनामं मात्र त्यातून वगळली. त्यामुळे सातबाऱ्यावर देव अजून इनामदार आहे. आपल्या बोलण्यातलं इनाम तेवढं कुस्तीच्या फडात आणि फरार आरोपीच्या पोस्टरवर उरलं.