लिम्फोमा: गाठ उरली म्हणजे आजार उरला का?

उपचारानंतरही सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते. ती जिवंत कॅन्सरची, की नुसता व्रण? पूर्वी हे सांगणे कठीण होते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज देतात. जिवंत कॅन्सरपेशी ते जास्त शोषतात, म्हणून चमकतात. 2009 मध्ये फ्रान्समधील दोव्हिल येथे तज्ज्ञांनी 1 ते 5 गुणांची मोजपट्टी ठरवली. चमक यकृतापेक्षा जास्त असेल तर गुण 4 किंवा 5. पुढे हॉजकिन लिम्फोमाच्या एका मोठ्या अभ्यासात (2016) दोन केमो सायकलनंतर स्कॅन निगेटिव्ह आलेल्या काही रुग्णांचे ब्लिओमायसिन थांबवले. आजारावरचा ताबा जवळपास तेवढाच राहिला, फुफ्फुसांचा त्रास मात्र घटला. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला मधला स्कॅन टाळू नका. आणि लक्षात ठेवा, क्षयरोगाची गाठही चमकते. नुसत्या रिपोर्टवरून घाबरू नका.