एक तार, अनेक स्टेशने: सीरियल बसवरील पत्त्यांचा इतिहास

लखनौजवळ बख्शी का तालाब येथे शिकवताना मी हा विषय पीएलसीपासून नव्हे, रेल्वेपासून सुरू करतो. लखनौ–सीतापूर मार्गावर या नावाचे स्टेशन आहे. मार्गावरील प्रत्येक स्टेशनाकडे स्वतंत्र तार नेणे परवडणारे नसते. म्हणून रेल्वेच्या कंट्रोल टेलिफोनमध्ये अनेक स्टेशने एकाच सर्किटवर जोडतात. त्याला ‘ऑम्निबस सर्किट’ म्हणतात. ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. आपला ‘बस’ हा शब्द त्यातूनच आला.

तार सर्वांची, मग हाक एकालाच कशी मारायची? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या सिलेक्टरने याचे उत्तर दिले. एकूण १७ पल्स तीन गटांत पाठवायचे, उदाहरणार्थ ५-५-७. हे पल्स सर्व स्टेशनांत पोहोचत, पण ज्या सिलेक्टरच्या चाकावर तोच क्रम बसवलेला असे, तिथलीच घंटा वाजे. अशा ७८ वेगळ्या हाका शक्य होत्या. पुढे पल्सची जागा डीटीएमएफच्या दोन अंकी कोडने घेतली. तत्त्व तेच राहिले.

हाच प्रश्न कारखान्यात आला. १९६८ मध्ये अमेरिकेत डिक मॉर्ली यांनी प्रोग्रॅमेबल कंट्रोलरची कल्पना मांडली आणि त्यातून मॉडिकॉन कंपनी उभी राहिली. याच कंपनीने १९७९ मध्ये मॉडबस प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. त्यात मास्टर विचारतो आणि ज्याला विचारले तोच स्लेव्ह उत्तर देतो. पत्त्यासाठी एक बाइट आहे. ० म्हणजे सर्वांना उद्देशून, १ ते २४७ स्लेव्हसाठी, २४८ ते २५५ राखीव.

तारेचा विद्युत नियम वेगळा आला. १९८३ च्या आरएस-४८५ मानकाने दोन तारांमधील व्होल्टेजच्या फरकावर संदेश वाहण्याची पद्धत ठरवली. एका बसवर ३२ युनिट लोड आणि कमी वेगात सुमारे १२०० मीटर लांबी शक्य झाली. जोडणी मात्र रेल्वेमार्गासारखीच हवी: एका मॉड्यूलवरून पुढच्यावर. मधूनच लांब फाटे काढले, तर सिग्नल परावर्तित होतो. याच कारणाने १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर फक्त दोन्ही टोकांना लावतात, प्रत्येक मॉड्यूलवर नाही.

पत्ता कोण देतो? मॉडबसमध्ये आजही माणूसच देतो. आमच्या प्रयोगशाळेत एकदा दोन नवी एक्स्पान्शन मॉड्यूल जोडली. कारखान्यातून येताना दोन्हींचा पत्ता १ होता. प्रत्येक एकटे जोडले की नीट चाले, एकत्र जोडले की सीआरसी त्रुटी येत. विद्यार्थी अर्धा दिवस केबल बदलत बसले, पण केबल निर्दोष होती. दोघे एकाच वेळी उत्तर देत होते.

वाचताना एवढ्यावर निभावते. लिहिताना धोका मोठा आहे. दोन आउटपुट मॉड्यूलचा पत्ता एकच असेल, तर ‘कॉइल चालू कर’ ही आज्ञा दोघेही पाळतात. आपण एक पंप चालू केला असे समजतो आणि दुसराही सुरू होतो. त्या पंपाजवळ कोणी काम करत असेल, तर ही चूक जिवावर बेतू शकते.

म्हणून क्रम पाळा. वीज बंद करा, एकच मॉड्यूल जोडा, पत्ता द्या, वाचून तपासा, त्यावर चिकटपट्टीने क्रमांक लिहा, मगच पुढचे जोडा. अनेक मॉड्यूल डीआयपी स्विचवरचा पत्ता वीज येतानाच वाचतात. त्यामुळे स्विच बदलल्यावर वीज बंद करून पुन्हा चालू करा. जुन्या सिलेक्टरचे चाक बसवणाऱ्यावर जी जबाबदारी होती, तीच आज तुमच्यावर आहे.

स्वाध्याय
१. प्रत्येक गटात किमान २ पल्स असतील, तर १७ पल्सचे ७८ वेगळे क्रम होतात हे सिद्ध करा.
२. मॉडबसमध्ये ० हा पत्ता वापरल्यास एकही स्लेव्ह उत्तर का देत नाही?