योकमोकच्या बाजारात एका तळ्याचा निवाडा

आधी पायांतले मोजे काढा. लोकरीचे असले तरी काढा, इथे ते निभावणार नाहीत. समोरची बाई वाळक्या गवताची जुडी तुमच्याकडे सरकवते आहे, ती घ्या आणि ती करते तसं करा. गवत तळहातांवर चोळून मऊ करायचं, पावलाभोवती गोल गोल गुंडाळायचं, टाचेखाली थोडं जास्त ठेवायचं आणि मग रेनडिअरच्या कातड्याच्या, टोकाला वर वळलेल्या बुटात पाय अलगद सरकवायचा. बुटाच्या तोंडाशी विणलेली पट्टी घट्ट आवळायची, म्हणजे बर्फ आत शिरत नाही. उठून दोन पावलं टाका. ऊब घोट्यापर्यंत चढते की नाही? रात्री हेच गवत शेकोटीपाशी वाळवून उद्या पुन्हा वापरायचं.

आता बाहेर या. सतराव्या शतकाचा उत्तरार्ध आहे, फेब्रुवारीची सुरुवात आहे आणि तुम्ही स्वीडनच्या उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाला लागून असलेल्या योकमोकला आला आहात. पहिला श्वास सावकाश घ्या. घाईने घेतलात तर छातीत सुई टोचल्यासारखं होईल. नाकातले केस गोठून एकमेकांना चिकटतात, पापण्यांवर दव धरतं आणि ते लगेच पांढरं होतं. पायाखालचा बर्फ इतका कोरडा आहे की प्रत्येक पावलाला करकरतो. सूर्य आला आहे, पण झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळतो, वर चढायचं नाव घेत नाही.

कानटोपी जरा वर करा आणि ऐका. बारीक, कोरडा, कट्-कट् असा अखंड आवाज येतो आहे. ते रेनडिअर चालताहेत. त्यांच्या पायातली शीर हाडावरून सरकते आणि प्रत्येक पावलाला असा आवाज होतो. एकामागे एक बांधलेली जनावरं आणि प्रत्येकामागे होडीच्या घडणीची एक बुटकी घसरगाडी, अशी ओळ नदीच्या गोठलेल्या पात्रावरून येते आहे. एका गाडीत कातडी, एकीत वाळवलेले मासे, एकीत नुसती म्हातारी आजी. पुढच्या गाडीवर लाकूड कोरून केलेला पाळणा बांधला आहे. त्यात तान्हं मूल, आणि त्याच्या अंगाखाली दुपट्याऐवजी वाळवलेलं शेवाळ. ओलं झालं की टाकायचं आणि नवं भरायचं. मूल गाढ झोपलं आहे.

हे सामी लोक आहेत. एरवी त्यांची कुटुंबं जंगलांत, तळ्यांच्या काठांवर आणि डोंगरांत पांगलेली असतात. पण 1605 पासून राजाच्या हुकमाने या दिवसांत इथे बाजार भरतो, आणि बाजारासोबत आणखी तीन गोष्टी भरतात: चर्चमधली प्रार्थना, राजाची करवसुली आणि कोर्ट. माणसं एका जागी सापडतात तेव्हाच सगळं उरकून घ्यायचं, असा राजाचा हिशेब आहे.

बाजारात शिरताना खिसा सांभाळा आणि नाकही. ओली कातडी, चरबीचे दिवे, कुत्री, धूर आणि दारू यांचा मिळून एक जड वास हवेत तरंगतो आहे. किनाऱ्यावरच्या लुलेओहून व्यापारी आलेत, गोठलेल्या नदीवरून कित्येक दिवसांचा प्रवास करून. त्यांच्याकडे पीठ, मीठ, लोकरीचं जाड कापड, तंबाखू आणि तांब्याच्या किटल्या आहेत. एक जण किटलीवर टिचकी मारून ती कशी वाजते ते ऐकवतो. समोरचा सामी गृहस्थ ती उलटी करतो, बुडाला अंगठा फिरवतो, परत देतो. मग खारींची कातडी पुढे येतात. ती चाळीस-चाळीसच्या जुड्यांनी मोजली जातात. एका जुडीतून व्यापारी दोन कातडी बाजूला काढतो, केस गळताहेत म्हणतो. गृहस्थ काही न बोलता जुडी उचलून शेजारच्या व्यापाऱ्याकडे वळतो, आणि पहिल्याला एकदम केस न गळणारी कातडी दिसू लागतात.

चांदी विकणाऱ्याभोवतीची गर्दी मुख्यतः बायकांची. चमचे, कंबरपट्ट्याचे तुकडे, लोलक लावलेल्या टाचण्या. फिरत्या संसारात चांदी हीच ठेव, आणि लग्न ठरवताना हीच आधी दाखवायची. एक पोरगी टाचणी कानाशी नेऊन हलवते, लोलकांची किणकिण ऐकते आणि आईकडे बघते. आई मान हलवते, नाही म्हणून.

तुमची बोटं बधिर झाली असतील. चला तंबूत. दार म्हणून लावलेलं कातडं उचला, वाका, आणि आत गेल्यावर उभे राहू नका. धूर वरच्या भागात कोंडलेला असतो. उभ्याने डोळे चुरचुरतात, बसलं की हवा स्वच्छ. जमिनीवर बर्चच्या कोवळ्या फांद्या दाट अंथरल्या आहेत, त्यांवर रेनडिअरची कातडी. गुडघे शेकोटीकडे आणि पाठ थंडीकडे, हे इथे गृहीतच. किटलीत मांस शिजतं आहे. तुम्ही पाहुणे, म्हणून नळीचं हाड तुमच्या हातात येतं. ते दगडावर आपटून फोडायचं आणि आतली मज्जा गरम असतानाच ओढून घ्यायची. भाकरीसारखं काही शोधू नका, पीठ महाग आहे. त्याऐवजी पाइनच्या आतल्या सालीचे भाजलेले तुकडे मिळतील, जरा गोडसर, जरा राळेच्या वासाचे. चघळत राहा.

तुम्हाला बूट घालायला शिकवणारी बाई शेकोटीपलीकडे बसली आहे. ती आज फारसं खात नाही. ती विधवा आहे आणि थोड्या वेळात तिचा खटला उभा राहणार आहे. तिच्या मागोमाग चला. मला तुम्हाला इथे आणायचं होतं ते याचसाठी.

कोर्ट म्हणजे ओंडक्यांची एक खोली. आत शिरताच उबेचा आणि माणसांचा वास एकदम अंगावर येतो. अंगरख्यांवरचा बर्फ वितळून जमिनीवर पाणी ठिबकतं आहे. टेबलामागे न्यायाधीश, शेजारी राजाचा करअधिकारी आणि कोपऱ्यात कारकून. त्याची शाई गोठते, म्हणून तो दौत मेणबत्तीपाशी सरकवत राहतो. पण नजर बाकावर जाऊ द्या. तिथे पंच बसलेत, आणि त्यांत कातड्याचे अंगरखे घातलेले सामी आहेत. ज्या तळ्यांचे, टेकड्यांचे वाद इथे येतात, त्या तळ्यांवर त्यांनी स्वतः जाळी टाकलेली असतात. न्यायाधीशाला जे दुभाष्यामार्फत कळतं ते त्यांना अर्ध्या वाक्यात कळतं.

बाईचं म्हणणं साधं आहे. नवरा गेल्यावर शेजाऱ्याने तिच्या तळ्यात बर्फाखाली जाळं लावायला सुरुवात केली. बर्फाला भोकं पाडायची, लांब काठीने एका भोकातून दुसऱ्याकडे दोर सरकवायचा आणि त्याला जाळं ओढून घ्यायचं. खुणा वितळेपर्यंत राहतात, त्यामुळे लपवणं अवघड. शेजारी जाळं नाकारत नाही. तो म्हणतो, तळं कोणाचंच नाही.

मग साक्षीदार उभा राहतो, पाठीत वाकलेला. नकाशा नाही, दगडावर कोरलेली हद्द नाही. तो डोळे मिटून बोलतो. त्या खडकाळ धारेपासून, ओढ्याला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत, तिथून दलदलीच्या कडेने, विजेने जळालेल्या पाइनपर्यंत. या बाईचा सासरा तिथे मासे धरायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. या तळ्याचा कर राजाला याच घराने भरला. प्रत्येक जागेचं नाव तो घेतो आणि बाकावरचा एखादा पंच नकळत मान हलवतो. खोलीतली खुसपुस थांबली आहे. तुमच्या बाजूला उभा असलेला तरुण ओठ हलवत नावं मागोमाग म्हणतो आहे. उद्या त्यालाही साक्ष द्यावी लागेल.

पंच आपसांत बोलतात आणि तळं बाईचं ठरतं. शेजाऱ्याला दंड होतो. करअधिकारी समाधानी दिसतो, कारण तळं ज्याच्या नावावर त्याच्याकडून कर येणार. कारकून स्वीडिशमध्ये चार ओळी लिहितो, वाळू टाकून शाई टिपतो आणि पान उलटतो. बाईला ते वाचता येत नाही. तरी ती वाकून, पान उलटेपर्यंत त्या ओळींकडे बघत राहते. तुम्हीही नीट बघून ठेवा.

पुढचा खटला लगेच. टेबलावर रेनडिअरचं गोठलेलं कातडं धपकन पडतं, कानांसकट. प्रत्येक घराची कान कातरण्याची खूण वेगळी, कुठे खाच, कुठे तिरका छेद, कुठे टोक उडवलेलं. पंच कान बोटांनी ताणून दिव्याकडे धरतात. मालक कोण हे सांगायला त्यांना क्षणही लागत नाही.

पण या खोलीबद्दल सगळंच गोड सांगितलं तर ती तुमची फसवणूक होईल. बाकावरची माणसं आपले प्रार्थनेचे ढोल बाजारात आणत नाहीत. ताणलेल्या कातड्यावर आल्डरच्या सालीच्या तांबूस रसाने सूर्य, रेनडिअर, होड्या आणि देव रंगवलेले ढोल त्यांनी जंगलात लपवलेत, कारण तेच न्यायासन ते जप्त करतं. 1693 साली इथून दक्षिणेला आर्येप्लोगच्या बाजूला लार्स निल्सन नावाच्या सामी म्हाताऱ्याला ढोल वाजवल्याच्या गुन्ह्यासाठी जाळण्यात आलं, त्याच्या ढोलासकट. बुडून मेलेल्या नातवाला परत आणण्यासाठी त्याने तो वाजवला होता. जमिनीबद्दल जी साक्ष कोर्ट कान देऊन ऐकत होतं, त्याच तोंडून निघालेली प्रार्थना त्याला सहन झाली नाही. मला हे क्षम्य वाटत नाही.

आता थंडीचा पुरेसा मार खाल्लात. जूनमध्ये चला, डोंगरापलीकडे. काही घरं वसंतात कळपांमागोमाग पश्चिमेला निघतात आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावर, तिसफियोर्डसारख्या खोल खाड्यांत उतरतात. इथे वारा खारट आहे. तुम्ही डास मारता मारता हैराण झालात आणि रेनडिअर तुमच्याहून जास्त, म्हणून ते किनाऱ्यावरच्या वाऱ्यात येतात. रात्र होतच नाही. पोरं मध्यरात्री पक्ष्यांची अंडी शोधत हिंडतात. काठावर लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळतो आहे. मालवणच्या किनाऱ्यावरचा सुक्या मासळीचा वास आठवत असेल तर तोच वास इथल्या थंड हवेत मिसळून घ्या. किनाऱ्यावरचे सामी होड्या बांधतात, डोंगरातले सामी कातडी आणि चीज देतात, मासे घेतात. संध्याकाळी कोणीतरी शब्दांवाचून गाणं धरतं, एखाद्या माणसाचं किंवा लांडग्याचं, आणि ऐकणाऱ्यांना ते कोणाचं आहे हे बरोबर कळतं.

याच वाटेवर पुढे स्वीडन आणि नॉर्वे या दोन राज्यांची सीमा आखली गेली, 1751 साली. करारासोबत 30 कलमांची एक पुरवणी जोडली गेली. सामींनी जुन्या रिवाजाप्रमाणे रेनडिअर घेऊन सीमा ओलांडावी, दोन्हीकडची जमीन आणि किनारा वापरावा, युद्ध सुरू झालं तरी त्यांची वाट अडवू नये, आणि आपसांतले तंटे त्यांच्यातल्याच मुखियाने दोन पंचांसह मिटवावेत. सीमा आखणाऱ्यांनी कळपांच्या वाटा आधी विचारात घेतल्या, हे मला त्या काळातलं मोठं शहाणपण वाटतं. पण ते पुरेसं ठरलं नाही. 1673 च्या राजाज्ञेने नव्या वसाहतदारांना 15 वर्षांची करमाफी देऊ केली होतीच. ते येत गेले, आणि पुढच्या काळात तळ्यांचे निर्णय पंचांच्या बाकावरून सरकून सरकारी कचेऱ्यांत गेले. तिथे जळालेला पाइन कोणाला माहीत नव्हता.

बूट काढा आता, गवत शेकोटीपाशी ठेवा आणि घरी या. पण कारकुनाच्या त्या वह्यांचं काय झालं, ते ऐकून जा. कायद्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी कोर्टाची जुनी दप्तरं उघडून पानन् पान वाचलं. फिनलंडच्या कायसा कोर्पियाको यांनी 1989 साली आपल्या प्रबंधात दाखवून दिलं, की त्या काळची कोर्टं सामींचा जमिनीवरचा हक्क मालकासारखाच मानत होती. योकमोकच्या शेजारच्या येल्लिवारे भागातल्या गिर्यास या सामी गावाने, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्यांच्या संघाने, सरकारवर दावा लावला, तेव्हा न्यायाधीशांपुढे शतकांपूर्वीचे कर, तळी आणि तंटे पुन्हा वाचले गेले. 23 जानेवारी 2020 रोजी स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: आपल्या भागात लहान प्राण्यांची शिकार आणि मासेमारी यांचे परवाने कोणाला द्यायचे हे गिर्यासने एकट्याने ठरवावं, सरकारला विचारण्याची गरज नाही. आधार होता अनादी वहिवाटीचा.

त्या निकालाची कक्षा मात्र गिर्यासपुरतीच आहे. स्वीडनमध्ये अशी सामी गावं 51 आहेत, आणि बाकीच्यांच्या हक्काचा प्रश्न त्या एका निकालाने मिटलेला नाही.