अनवाणी जलस्कीइंग

पायांत स्की न घालता, वेगवान मोटरबोटीचा दोर धरून उघड्या तळव्यांवर पाण्यावरून सरकण्याचा खेळ. १९४७ मध्ये फ्लोरिडात त्याची सुरुवात झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९७८ मध्ये कॅनबेराला भरली. तळवा लहान, म्हणून शरीर तोलून धरणारी उचल वेगातूनच मिळते: ७५ किलो वजनाला ताशी सुमारे ६० किमी. हा केवळ धाडसाचा खेळ आहे हा समज शिकवण्याची रीत पाहिली की टिकत नाही. नवशिका बोटीच्या बाजूला आडव्या बसवलेल्या दांड्याला धरतो, आधी पाण्यावर बसतो, मग टाचा टेकवून उठतो. लांब दोर पुष्कळ नंतर. स्पर्धेत स्लालम, कसरती आणि उडी असते. स्लालममध्ये १५ सेकंदांत बोटीमागची लाट जास्तीत जास्त वेळा ओलांडायची असते. या वेगात बारीक लाटही पाडते, त्यामुळे सपाट पाणी ही पहिली अट ठरते.

मावळात असे पाणी पवना जलाशयात हिवाळ्यातल्या सकाळी मिळू शकते. पावसाळ्यातला वारा आणि उन्हाळ्यात उघडे पडणारे खडक मात्र घातक. हे पिंपरी-चिंचवडच्या पिण्याचे पाणी आहे, हा आक्षेप रास्तच. पण तो इंधनाच्या बोटींवर आहे, खेळावर नाही. विजेवरची बोट आणि आखून दिलेली पट्टी यांनी त्याचे बरेचसे निरसन होते.