खिडकीत टिकून राहिलेला गुलाब

रोपवाटिकेत ‘बटण गुलाब’ या नावाने मिळणारे, सहा इंची कुंडीत मावणारे आणि वर्षभर फुलत राहणारे रोप आपण सर्वांनी पाहिलेले असते. ते अगदी अलीकडच्या प्रयोगशाळेतून आल्यासारखे वाटते. या वर्गातील बहुतेक गुलाबांची वंशावळ मात्र मागे मागे नेली, तर ती स्वित्झर्लंडच्या एका डोंगरी गावातील खिडक्यांपाशी येऊन थांबते. आजचा धागा त्या खिडक्यांविषयी.

आरंभ अर्थातच चीनमध्ये आहे. युरोपातील जुने गुलाब बहुधा वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीस फुलत. चीनच्या बागांतील गुलाब पुनःपुन्हा फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चिनी गुलाब जहाजांतून इंग्लंडला पोहोचू लागले. वाटेत काही जहाजे कलकत्त्याला थांबत. तेथे १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पती उद्यान स्थापन झालेले होते. परिणामी फ्रेंच बागायतदार या चिनी गुलाबाला सरसकट ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. जन्म कँटनच्या बाजूचा, नाव बंगालचे! या कथेत नावे अशीच दिली जातात; ज्याच्या हातून वस्तू पोहोचली त्याची आठवण राहते, जेथे ती वाढली त्या जागेची राहत नाही.

याच चिनी गुलाबांत एक वीतभर उंचीचा प्रकार होता. १८१५ मध्ये लंडनच्या ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ने त्याचे रंगीत चित्र छापले. फुलांची चित्रकार मेरी लॉरेन्स हिच्या सन्मानार्थ त्याला ‘मिस लॉरेन्सचा गुलाब’ असेही म्हटले गेले. पुढील काही दशके हा ‘परी गुलाब’ लंडन-पॅरिसच्या हौशी मंडळींच्या कुंड्यांत मिरवत होता. नंतर मोठ्या फुलांचे दिवस आले. १८६७ च्या ‘ला फ्रान्स’पासून संकरित चहा-गुलाबांचे युग मोजण्याची प्रथा आहे, लांब देठ आणि टोकदार, भरदार कळी हीच सौंदर्याची कसोटी ठरली. वीतभर झुडपाला त्या कसोटीत स्थान नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते बागांतून जवळपास नाहीसे झाले होते.

जिनिव्हाजवळ आंरी कोरव्हाँ (१८५४–१९३९) नावाचे रोपवाटिकाधारक होते. डोंगरी वनस्पतींचे ते युरोपभर मान्यता पावलेले जाणकार. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या एका स्विस लष्करी अधिकाऱ्याने त्यांना सांगितले, की जुरा पर्वतातील मोबोर्झे या गावी खिडक्यांत, कुंड्यांमध्ये, बोटभर उंचीचे गुलाब फुलतात. मोबोर्झे समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. थंडीत तेथे दीर्घकाळ बर्फ असते. गुलाबाच्या नाजूक चिनी वाणाची ही जागा नव्हेच.

शोध घेतला तेव्हा कळले, की गावाला आग लागून ती झाडे नष्ट झाली होती. सुदैवाने सरोवराकाठच्या ऑनेन्स या शेजारच्या गावात तेच रोप मिळाले. कोरव्हाँ यांनी त्यावरून रोपे वाढवली, १९२२ मध्ये त्याविषयी लिहिले आणि नाव दिले: ‘रोझा रूलेती’. निरोप आणणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव गुलाबाला कायमचे चिकटले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तो जगवला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या गुलाबाला मिळाले नाही.

तो जगला कसा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारायलाच हवा, आणि त्याचे उत्तर दफ्तरांत नव्हे, मातीत आहे. मोठ्या फुलांचा गुलाब सहसा जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केला जातो. त्यासाठी सरावलेला हात, धारदार चाकू, योग्य हंगाम आणि लागवडीचा खुंट लागतो; थोडक्यात, माळी लागतो. हा बुटका गुलाब मात्र स्वतःच्या मुळांवर वाढतो. छाटणीत निघालेली काडी ओलसर मातीत खोचली, की काही आठवड्यांत मुळे फुटतात. शेजारणीला द्यायची तर कुंडी द्यावी लागत नाही, काडी पुरते. शिवाय जोमदार खुंटावर बांधला तर तो थोराड होतो आणि त्याचा बुटकेपणाच हरवू लागतो. म्हणजे माळ्याच्या कौशल्याविना वाढणे हीच त्याची योग्य लागवड होती. कुंडीचाही यात वाटा आहे. अंगणात लावलेले झाड बर्फाखाली सापडते; कुंडी उचलून आत घेता येते. लहान कुंडीतील माती लवकर सुकते, म्हणून रोज कोणाचे तरी लक्ष असावे लागते. खिडकीत ऊन मिळते आणि घरातल्या माणसाची नजरही. नामांकित बागांनी जे टाकून दिले, ते घरच्या खिडकीने सांभाळले.

येथे एक वाद नोंदवायला हवा. काही जाणकारांच्या मते ‘रूलेती’ म्हणजे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कुंड्यांत गाजलेला ‘पाँपाँ द पारी’च होय, इतर जण दोहोंत फरक दाखवतात. पहिले मत खरे असेल, तर रूले आणि कोरव्हाँ यांनी काही ‘शोधले’ असे म्हणणे कठीण आहे. शहराने विसरलेली एक चैनीची वस्तू खेड्याने जपली आणि शहराने ती नवी म्हणून परत स्वीकारली, एवढेच घडले. दुसरे मत खरे धरले, तरी फार फरक पडत नाही. आल्प्स वा जुरामध्ये हा गुलाब रानात उगवत नव्हता, तो कोणाच्या तरी घरातूनच आला होता.

पुढची घटना नेदरलँड्समधील बोस्कोप या रोपवाटिकांच्या गावची. तेथील यान दे व्हिंक यांनी ‘रूलेती’चा संकर ‘ग्लोरिया मुंडी’ या गुच्छाने फुलणाऱ्या गुलाबाशी केला. त्यातून आलेले लाल फुलांचे, पांढऱ्या मध्याचे रोप पेनसिल्व्हेनियाचे गुलाब-व्यापारी रॉबर्ट पाइल यांनी अमेरिकेत नेले. मूळ नाव ‘पिऑन’ ग्राहकांना रुचणारे नव्हते. परीकथेतील अंगठ्याएवढ्या मुलाचे नाव त्याला दिले गेले आणि १९३६ मध्ये ‘टॉम थंब’ बाजारात आला. स्पेनमध्ये पेद्रो दोत यांनी ‘रूलेती’लाच हाताशी धरून ‘बेबी गोल्ड स्टार’ (१९४०) हा पिवळा वाण काढला.

एका कुंडीतून एवढा मोठा वंश निघण्यामागे आनुवंशिकतेचे कारण आहे. या गुलाबाचा बुटकेपणा प्रभावी गुणधर्म आहे. उंच गुलाबाशी संकर केला तरी पहिल्याच पिढीत बुटकी रोपे मिळतात. सतत फुलण्याचा गुण याउलट अप्रभावी, तो दोन्ही बाजूंनी यावा लागतो. फुलोरा रोखून धरणारे एक जनुक निकामी झाल्याने चिनी गुलाब वर्षभर फुलतो, हे संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. दे व्हिंक यांना जनुकाचा पत्ता नव्हता, पण रोपांच्या रांगा पाहून काय घडते ते कळत होते.

कॅलिफोर्नियात व्हिसेलिया येथे १९३७ मध्ये रोपवाटिका उघडणारे राल्फ मूर (१९०७–२००९) यांनी हे काम अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालवले. शेवाळासारखी लव असलेल्या कळ्या, पट्टेदार पाकळ्या, वेलीसारखी चढणारी छोटी झुडपे, असे शेकडो वाण त्यांच्या नावे आहेत. ‘राइज अँड शाइन’ (१९७७) हा पिवळा गुलाब त्यांतला बहुधा सर्वांत प्रसिद्ध. गॅलरीएवढीच जागा असलेल्या माणसाला गुलाब मिळाला तो या पिढीच्या चिकाटीमुळे, हे मान्य करायलाच हवे.

मात्र याच काळात कायदाही बदलला. अमेरिकेने १९३० मध्ये कलमाने वाढवलेल्या नव्या वनस्पतींना पेटंट देण्याचा कायदा केला आणि १९३१ मधील पहिले पेटंट ‘न्यू डॉन’ या वेलगुलाबास मिळाले. म्हणजे काडी खोचून रोप वाढवणे, जे मोबोर्झेच्या घराघरांत विनापरवाना चालत आले होते, ते आता नव्या वाणांच्या बाबतीत मालकाच्या अनुमतीचे झाले. पैदासकाराच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांना मोबदला मिळावा, यात गैर काहीच नाही. पण ज्यांच्या श्रमांवर हे सारे उभे राहिले, त्यांनी कधी नोंदच केली नव्हती.

गुलाबांच्या वंशावळीत ‘सिंड्रेला’ (१९५३) हा दे व्हिंक यांचा फिकट गुलाबी वाण काढून पाहावा. त्याचे मातापिता ‘सेसिल ब्रुनर’ आणि ‘टॉम थंब’. ‘टॉम थंब’च्या मागे ‘रूलेती’. आणि ‘रूलेती’च्या मातापित्यांच्या रकान्यात एकच शब्द: अज्ञात.